बग्गीच्या काळातले पेन्शनर

मागच्या अंकात आयोवातल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं, की तिथल्या स्थानिक इतिहासाच्या दालनात लोक सर्वांत जास्त काय मागतात, तर अमेरिकन यादवी युद्धातल्या शिपायांच्या पेन्शन फायलींच्या प्रती. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या चार पत्रांना इथं उत्तरं देते. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण तोच प्रश्न मनात घेऊन मी त्या दालनात नोकरीची वर्षं काढली.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. मुलगी आयोवात असते. मागं तिच्याकडं गेलो होतो, तेव्हा गावच्या कोर्टासमोर बंदूक टेकून उभा असलेला दगडी शिपाई पाहिला. खाली नावं कोरलेली. जे मेले त्यांचं कळलं. पण जे जिवंत परत आले आणि खेड्यात म्हातारे झाले, त्यांचं काय झालं? तेव्हा मोटारी नव्हत्या, डॉक्टर लांब. आमच्यासारखी पेन्शन त्यांना होती का? — एक माजी सैनिक, कोरेगाव

उत्तर : हवालदारसाहेब, परत आलेल्यांची चौकशी बहुधा फौजेतला माणूसच करतो. पेन्शन होती, आणि तिच्यावर कित्येक घरं तगली. पण ती पदरात पडायला जे सोसावं लागलं, त्याची कल्पना पुतळा बघून येत नाही.

युद्ध १८६१ ते १८६५, केंद्र सरकारच्या बाजूची उत्तरेची राज्यं आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं यांच्यात. आयोवा हे राज्य उत्तरेच्या बाजूचं. त्याची वस्ती तेव्हा जेमतेम पावणेसात लाख, आणि त्यातून ७६,००० च्या आसपास माणसं लढायला गेली. १३,००० च्या वर मेली, त्यातली बहुतेक आजारानं. छावणीतली हगवण आणि ताप गोळीपेक्षा वाईट निघाले. परतलेले बहुतेक वीस-पंचविशीतले होते. उत्तरेच्या सैन्यात जवळजवळ निम्मे शेतकरीच, तेव्हा ते आले ते थेट शेतावर. सरकारनं १८७२ मध्ये एक सवलतही दिली: पडीक सरकारी जमीन नावावर व्हायला पाच वर्षं तिथं राहून कसावी लागे, त्यातून फौजेतल्या नोकरीचा काळ वजा व्हायचा. म्हणून हजारो जण आणखी पश्चिमेला, कॅन्सस-नेब्रास्काकडं सरकले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता शरीराचं बघा. आयोवात मुख्य पीक मका. कणसं काढायची ती उभ्या ताटांवरूनच, हातानं, थंडी हाडात शिरायला लागते त्या दिवसांत. तळहाताला चामड्याच्या पट्ट्यानं एक लोखंडी खुंटी बांधलेली असे. तिनं वरचा पाला फाडायचा, कणीस मोडायचं आणि शेजारून हळूहळू चालणाऱ्या गाडीत भिरकावायचं. गाडीच्या पलीकडच्या अंगाला उंच फळ्या ठोकलेल्या असत, कणीस त्यांच्यावर आपटून आत पडे. असं दिवस मावळेपर्यंत, शेकडो वेळा, एकाच खांद्यानं. ज्याच्या त्या खांद्यात गोळी शिरून गेली होती, त्यानं काय करायचं? तिशीत तो दात-ओठ खाऊन करायचा. पन्नाशीत पोरं करायची. पोरं शहराकडं गेली, की गडी लावावा लागे, आणि गड्याला रोख मजुरी लागते.

नांगरामागं चालायला जमत नसे, तरी बग्गीत बसता येई. बग्गी म्हणजे चार चाकांची, एका घोड्याची, दोन माणसांची हलकी गाडी, वर दुमडता येणारी कातडी टप. शतक संपता संपता ती कारखान्यातून इतकी स्वस्त निघायला लागली, की साधा शेतकरीही ती ठेवू शके. दूध क्रीमरीला, म्हणजे लोणी काढायच्या कारखान्याला, घालणं, टपाल आणणं, कुणाला डॉक्टरकडं नेणं, ही कामं मग अशा म्हाताऱ्याकडं येत. टपाल घरपोच मिळायला खेड्यापाड्यांत १८९६ पासून हळूहळू सुरुवात झाली. त्याआधी पेन्शनचं पत्र आलंय का हे बघायलाही गावातल्या टपाल कचेरीपर्यंत गाडी हाकावी लागे. बर्फ वितळलं, की तिकडचे मातीचे रस्ते असे होतात की चाक तुंब्यापर्यंत रुतावं. त्या दिवसांत माणूस घरातच अडकायचा.

पेन्शनच्या पहिल्या, १८६२ च्या कायद्यात अट होती की अपंगत्व नोकरीतच आलेलं असलं पाहिजे. साध्या शिपायाला पूर्ण अपंगत्वाचे महिना ८ डॉलर. पुरावा म्हणून अधिकाऱ्याचा दाखला, नाहीतर बरोबरच्या शिपायांच्या साक्षी. वीस-पंचवीस वर्षांनी अधिकारी मेलेला, आणि सोबती कॅन्ससला जमीन कसायला गेलेले. मग पत्रापत्री, शोधाशोध. जखम दिसते तरी. छावणीत जडलेली आणि आयुष्यभर न सुटलेली हगवण कागदावर कशी दाखवायची? फायलींमध्ये सतत भेटणारी तक्रार हीच आहे. पुरुष माणसं परक्या नोटरीसमोर बसून आपल्या पोटाचं सगळं लिहून देतात, ते वाचताना मला अजूनही गलबलून येतं.

१८९० मध्ये कायदा सैल झाला. नव्वद दिवस नोकरी आणि सन्मानानं सुटका झालेली असली, आणि अंगमेहनतीनं पोट भरता येत नसलं, तर महिना ६ ते १२ डॉलर, अपंगत्व युद्धातलं असो वा नंतरचं. फक्त ते स्वतःच्या दुर्व्यसनानं आलेलं नको. पैसे तिमाहीला मिळत. शेतगड्याला तेव्हा जेवूनखाऊन महिना पंधरा-वीस डॉलर पडत, म्हणजे पूर्ण पेन्शनमध्ये गड्याचा बराचसा पगार निघे. त्या रकमेनं शेत विकायचं टळलं, अशी घरं थोडी नव्हती. १९०४ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हुकूम काढला की वयाची ६२ वर्षं पूर्ण होणं हेच अर्धं अपंगत्व धरावं. १९०७ च्या कायद्यानं वयावरच रक्कम ठरली: ६२ ला १२ डॉलर, ७० ला १५, ७५ ला २०.

पण तोवर मेडिकल बोर्ड चुकत नव्हता, आणि तो तुम्हाला वेगळा सांगायला नको. तीन डॉक्टर, काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, मुख्य गावात. फॉर्मवर माणसाच्या शरीराची पुढून आणि मागून छापील आकृती असे, तिच्यावर शाईनं जखमेची जागा दाखवायची. आपल्याकडं टक्के असतात, तिथं अठरांश होते, पूर्ण अपंगत्व म्हणजे अठरा अठरांश. गुडघ्याच्या संधिवाताला सहा अठरांश, छातीच्या धडधडीला चार अठरांश, असं प्रत्येक दुखण्यापुढं लिहायचं. साठीचा माणूस बग्गीतून दहा-बारा मैल येतो, कपडे उतरवून उभा राहतो, आणि डॉक्टर त्याच्या तळहाताला घट्टे आहेत का हे बघतात. घट्टे असले तर हा अजून काम करतो, असा अर्थ निघू शके. ज्यानं काम केलं नाही तर बायको-मुलं उपाशी, त्यानं हात मऊ कुठून आणायचे?

या फायलींत डॉक्टरांच्या शेऱ्यांपेक्षा मला शेजाऱ्यांच्या साक्षी मोलाच्या वाटतात. एका फायलीतली साक्ष मला अजून आठवते. शेजारी सांगतो, आमच्या दोघांच्या शेताचं कुंपण सामाईक आहे. हा माणूस पावसाळी हवेत दाराबाहेर येत नाही. घोडा जुंपायचा तर त्याची बायको जुंपते, कारण त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. जुंपून झालं की ती त्याला चढायला हात देते आणि लगाम त्याच्या डाव्या हातात ठेवते. मळणीला सगळे एकमेकांच्या शेतावर जातो, पण याला आम्ही बोलावत नाही, आणि आमच्यातला कुणी त्याबद्दल त्याला कधी बोललेला नाही. खाली सही म्हणून फुली, कारण साक्षीदाराला लिहिता येत नव्हतं.

मळणीची इर्जीक तिथंही होती. जो दुसऱ्याच्या शेतावर राबायला जाऊ शकत नाही, त्याचं धान्य कोण काढणार? त्या शेजाऱ्यांनी काढलं. सरकारचे बारा डॉलर यायच्या आधी कितीतरी वर्षं गावानं ही दुसरी पेन्शन दिली, आणि तिची नोंद फक्त या साक्षींमध्ये सापडते. वॉशिंग्टनचे कारकून या कागदांतून लबाडी शोधत बसायचे. लबाडी होतीही, ती नाकारत नाही. १८९३ च्या सुमाराला केंद्र सरकारच्या उत्पन्नातला चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग पेन्शनवर जात होता, तेव्हा वर्तमानपत्रांचा गहजब समजू शकतो. पण दोन्ही बाजूंचे कागद वाचून मी म्हाताऱ्यांच्या बाजूची झाले आहे. खोटं बोलून सहा डॉलर मिळवणाऱ्यांपेक्षा, खरं असूनही सिद्ध करता न आल्यानं हात हलवत घरी गेलेले मला जास्त दिसले.

अगदीच निराधार होते त्यांच्यासाठी आयोवात मार्शलटाउनला १८८७ मध्ये राज्याचं सैनिकगृह उघडलं. तिथं छप्पर आणि डॉक्टर होते. तरी बरेच जण शेवटपर्यंत गाव सोडायला तयार होत नसत. तुमच्या-आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रश्न : न्यू जर्सीत एका घराच्या आवारात मांडलेल्या जुन्या सामानात मला पितळेसारखा पाच टोकांचा तारा मिळाला. वर गरुड, मध्ये झेंड्याच्या पट्ट्यांची विरलेली फीत. हे पदक कुठल्या लढाईचं? साफ कसं करू? — एक वाचक, एडिसन

उत्तर : हे लढाईचं पदक नव्हे. 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' या उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेचा हा बिल्ला. सैन्यातले एक डॉक्टर बेंजामिन स्टीफन्सन यांनी इलिनॉयमधल्या डेकाटूर गावी ६ एप्रिल १८६६ ला पहिली शाखा काढली. १८९० मध्ये सभासद चार लाखांच्या वर गेले होते. बिल्ले शत्रूकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूतून ओतायची प्रथा होती. मधोमध बघा, एक सैनिक आणि एक खलाशी हात मिळवताना दिसतील.

छोट्या गावात शाखेची खोली बहुधा दुकानाच्या माडीवर असे. बैठकीच्या संध्याकाळी खाली बग्ग्या बांधलेल्या, वर म्हातारे. वरचा जिना संधिवातवाल्यांना कठीण जायचा, पण ते चढायचे, कारण ज्या गोष्टी बायकोलाही सांगितल्या नव्हत्या त्या तिथं सांगाव्या लागत नसत, समोरच्याला ठाऊकच असत. आजारी सोबत्याला बघायला जाणं, विधवेला लाकूडफाटा पोचवणं, पेन्शनच्या साक्षीसाठी माणूस शोधून देणं, ही कामंही तिथंच वाटली जात.

त्यांचा मोठा दिवस ३० मे. संघटनेचे प्रमुख जॉन लोगन यांनी १८६८ मध्ये आदेश काढला, की त्या दिवशी सोबत्यांच्या थडग्यांवर फुलं वाहावीत. तेव्हा आयोवात पिओनी आणि आयरिस फुललेले असतात. शाळेची पोरं परसातली फुलं बादल्यांतून आणत. सुरुवातीला म्हातारे स्मशानापर्यंत पायी जात, मग बग्ग्यांतून, आणि विसाव्या शतकात उरलेसुरले दोघं-तिघं दुसऱ्या कुणाच्या मोटारीतून. या संघटनेचे शेवटचे सभासद अल्बर्ट वूलसन २ ऑगस्ट १९५६ ला मिनेसोटातल्या डुलुथला वारले. लहानपणी ते पलटणीत ढोल वाजवत. त्यांच्याबरोबर संघटना संपली.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. ती काळपट झाकच त्याचं वय सांगते. मऊ कोरड्या कापडानं धूळ पुसा, फितीला हात लावू नका, उन्हात ठेवू नका.

प्रश्न : आम्ही कॉलेजात शिकलो की या युद्धात काळे सैनिकही लढले. त्यांना पेन्शन सारखीच होती का? — एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कायद्यात सारखी, हातात पडताना नाही. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे शिपाई होते. आयोवातही किओकक इथं १८६३ मध्ये त्यांची पलटण उभी राहिली. युद्ध चालू असताना त्यांना महिना १० डॉलर, त्यातून कपड्यांचे ३ कापून, आणि गोऱ्या शिपायाला १३. हा भेद १८६४ मध्ये निघाला. पेन्शनच्या कायद्यात रंगाचा उल्लेखच नव्हता.

अडत होतं ते पुराव्यापाशी. गुलामीत जन्मलेल्याला जन्मतारीख कुठून? कुठल्या वहीत नाव असलंच तर मालकाच्या मालमत्तेत. सुटल्यावर अनेकांनी मालकाचं आडनाव टाकून दुसरं घेतलं, म्हणजे भरतीच्या पटावर एक नाव आणि अर्जावर दुसरं. विधवेची तऱ्हा तर आणखी वाईट, कारण गुलामांच्या लग्नाला कायदा लग्नच मानत नव्हता. सोबत राहिल्याच्या साक्षी चालतील अशी सवलत १८६४ पासून दिली गेली, तरी त्यासाठी सरकारी तपासनीस गावात येऊन त्या बाईच्या सगळ्या आयुष्याची उलटतपासणी शेजाऱ्यांकडं करत.

स्वतः गुलामीतून निसटलेल्या हॅरिएट टबमन यांचंच बघ ना. शेकडो माणसं गुलामीतून सोडवणाऱ्या कॉम्बाही नदीवरच्या १८६३ च्या मोहिमेत त्या सैन्याच्या वाटाड्या होत्या, परिचारिका आणि हेर म्हणूनही राबल्या. ऑबर्न या न्यूयॉर्क राज्यातल्या गावी त्या उतारवयात भाजी पिकवून, डुकरं पाळून घर चालवत, आणि त्या घरात आणखी निराधारांना ठेवून घेत. त्यांना पहिली पेन्शन मिळाली ती स्वतःच्या कामाची नव्हे, तर १८९५ मध्ये, नेल्सन डेव्हिस या शिपायाची विधवा म्हणून, महिना ८ डॉलर. १८९९ मध्ये संसदेनं खास कायदा करून ती २० केली, आणि तीही परिचारिका म्हणून. वाटाड्या म्हणून त्यांनी केलेलं काम कुठल्याच रकमेत धरलं गेलं नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि सव्वाशे वर्षं झाली म्हणून कमी वाटत नाही. तू अभ्यास करणार असशील, तर त्या काळ्या विधवांच्या साक्षी जरूर वाच. गुलामीतल्या संसाराबद्दल त्या बायांच्या स्वतःच्या तोंडचं इतकं तपशीलवार फार थोड्या ठिकाणी सापडतं.

प्रश्न : या युद्धाची पेन्शन २०२० पर्यंत चालू होती असं मुलगा सांगतो. खरं का? आणि आम्ही इलिनॉयमध्ये घेतलेल्या शेतघराशेजारी छोटं स्मशान आहे, तिथल्या एका शिपायाची माहिती कशी काढता येईल? — एक वाचक दांपत्य, पिओरिया

उत्तर : खरं आहे. आयरीन ट्रिपलेट या उत्तर कॅरोलिनातल्या बाई ३१ मे २०२० ला वयाच्या नव्वदीत वारल्या, तोवर त्यांना दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत होते. त्यांचे वडील मोझ ट्रिपलेट आधी दक्षिणेच्या सैन्यात होते. तिथून पळून ते उत्तरेच्या सैन्यात भरती झाले. त्यांनी म्हातारपणी दुसरं लग्न केलं, १९३० मध्ये आयरीन झाल्या, आणि १९३८ मध्ये गेटिसबर्ग या जुन्या रणभूमीवरचा माजी सैनिकांचा मेळावा करून आल्यावर ते वारले. मुलीला बौद्धिक अपंगत्वामुळं स्वतःचं पोट भरता येत नव्हतं म्हणून पेन्शन तिच्याकडं आली. मोझ दक्षिणेकडूनच लढत राहिले असते तर त्यांना केंद्राची पेन्शन मिळालीच नसती. तिकडच्या शिपायांना त्यांची त्यांची राज्यं जमेल तशी, बरीच तुटपुंजी रक्कम देत.

तुमच्या स्मशानाचं सांगते. सरकारनं १८७९ पासून खासगी दफनभूमीतल्या शिपायांनाही दगड पुरवले. त्यावर आत कोरलेली ढालीची आकृती असते आणि ढालीत नाव, कंपनीचं अक्षर, पलटणीचा आकडा आणि राज्य. अक्षरं झिजली असतील तर घासू नका, खडूही लावू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना बाजूनं फोटो काढा, सावलीत अक्षरं उठून दिसतात. कंपनी आणि पलटण मिळाली, की अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची पेन्शन सूची इंटरनेटवर पाहता येते. त्यात शिपायाचा आणि विधवेचा असे वेगळे क्रमांक असू शकतात, दोन्ही टिपून घ्या. मागणी करताना निवडक पानं नकोत, पूर्ण फाइल हवी असं स्पष्ट लिहा. पैसे जास्त पडतील, पण शेजाऱ्यांच्या साक्षी पूर्ण फायलीतच असतात. तुमच्या शेताच्या कुंपणापलीकडं तेव्हा कोण राहत होतं, हेही कदाचित त्यात मिळेल. फाइल आली आणि जुनं वळणदार हस्ताक्षर लागत नसेल, तर पानांच्या प्रती मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी वाचून देईन.